बाई, आम्हाला वेळ नसतो!

बसा. मुलांची घंटा झाली, तुमची व्हायचीय अजून. दर रविवारी पोरांना मराठी शाळेतून न्यायला येता आणि दारातच घोळका करून उभे राहता. पोरं बूट घालेपर्यंत तुमचं जे काही चालतं, ते मी आत फळा पुसता पुसता ऐकत असते. इथे अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटा-जॉन्स क्रीकच्या शाळांत आता पूर्वीची मजा राहिली नाही. माझ्या मुलाला वरचं गणित दिलं नाही. वर्गात मुलं फार झाली. आणि शेवटी ठरलेलं पालुपद: "चार्टरला टाकावं का हो?"

हाच प्रश्न मागे एका गृहस्थांनी थेट मला विचारला. घर जॉन्स क्रीकला, मुलगी तिथल्याच सरकारी शाळेत, आणि स्वतः एका मोठ्या कंपनीत करारमदार तपासायच्या हुद्द्यावर. मी म्हटलं, अहो, तुमची मुलगी चार्टरमध्येच आहे. जॉन्स क्रीक ज्यात येतं, तो शाळांचा अख्खा फुल्टन जिल्हा २०१२ पासून चार्टर आहे. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुनियेचे करार स्वल्पविरामासकट वाचता आणि ज्या करारावर आपल्या पोरीची शाळा चालते, तो अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही! म्हणून आज तुमचा वर्ग घेते. मोबाईल खिशात ठेवा. मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा.

मुळापासून सांगते, कारण मुळातच घोळ आहे. जॉर्जिया राज्यात शाळांचे १८० जिल्हे आहेत. १९८५ च्या कायद्याने राज्य त्यांना सूत्राप्रमाणे पैसा देतं, आणि पैशामागोमाग नियम येतात. वर्गात किती मुलं, एका विषयाला किती तास, वर्षाचे दिवस १८०, शिक्षकाकडे कोणतं प्रमाणपत्र, पगाराची श्रेणी कोणती. २००० साली रॉय बार्न्स राज्यपाल असताना हा फास आणखी आवळला गेला. नियम वाईट हेतूने केलेले नव्हते, हेही ऐका. गरीब तालुक्यातल्या पोराच्या वाट्याला निदान एवढं तरी यावं, म्हणून ते होते. पण एखाद्या मुख्याध्यापकाला वेगळं काही करून बघायचं झालं, तर त्याचे हात बांधलेलेच.

१९९३ पासून एकेकटी शाळा करार करून यातल्या बऱ्याच नियमांतून सुटू शकत होती. तुमच्या डोक्यात 'चार्टर' म्हणजे तेवढंच बसलंय: वेगळी शाळा, वेगळी इमारत, सोडतीत नाव लागलं तर प्रवेश. २००७ साली सॉनी पर्ड्यू राज्यपाल असताना कायदा झाला आणि अख्खा जिल्हाच करार करू शकेल अशी सोय आली. डिकेटर, मॅरिएटा ही छोटी शहरं पहिल्या फळीत, २००८ मध्ये गेली. मग फुल्टन आलं. अटलांटा शहराचा जिल्हा १ जुलै २०१६ पासून. बाकीच्यांनाही राज्याने मोकळं सोडलं नाही. २०१५ च्या जूनअखेरपर्यंत प्रत्येक जिल्ह्याने ठरवायचं होतं: चार्टर घ्या, नियमांतून सवलत देणारा दुसरा करार घ्या, नाहीतर आहे तसे सगळ्या नियमांखाली राहा.

करार काय आहे? एका बाजूला जिल्हा, दुसऱ्या बाजूला राज्याचं शिक्षण मंडळ. पहिला करार साधारण पाच वर्षांचा. राज्य म्हणतं, वर्गसंख्या, तास, पगारश्रेणी, बहुतेक प्रमाणपत्रं, यांचा आग्रह आम्ही सोडतो. मात्र अमुक वर्षात मुलं अमुक इतकी पुढे गेलेली दिसली पाहिजेत. सगळंच माफ होतं असं नाही. राज्याच्या परीक्षा द्याव्याच लागतात. अपंग मुलांचे हक्क, भेदभावविरोधी केंद्रीय कायदे, सुरक्षिततेचे नियम यांना हात लावता येत नाही. फी घेता येत नाही. आणि बैठका उघड्या दारानेच घ्याव्या लागतात.

आता मुद्द्याचं. सवलत देणारा जो दुसरा करार आहे, त्यात नियम सैल होतात आणि सैल झालेली दोरी जिल्हा कार्यालयाच्याच हातात राहिली तरी चालते. चार्टरमध्ये ते चालत नाही. अधिकार शाळेपर्यंत उतरवला पाहिजे, असं कायदाच सांगतो. प्रत्येक शाळेची समिती हवी, त्यात पालक हवेत, आणि मुख्याध्यापकाची निवड, अंदाजपत्रक, अभ्यासक्रम, सुधारणेची उद्दिष्टं या सगळ्यांत तिला खरंखुरं मत हवं. त्यासाठी राज्य दर मुलामागे जादा पैसेही देतं. फुल्टनमध्ये तिला स्कूल गव्हर्नन्स कौन्सिल म्हणतात, अटलांटात गो टीम. फुल्टनमध्ये तर शाळेला एखादा नियम आड येत असेल तर समितीच्या मान्यतेने वर अर्ज करता येतो, आणि नव्या कल्पनांसाठी वेगळा सीड फंड काढलेला होता.

हे सगळं तुमच्या नाकासमोर आहे. आणि तुम्ही?

मी ज्या जिल्ह्यात गणित शिकवते, त्याचं नाव इथे नको. तिथल्या एका बैठकीचं सांगते. संध्याकाळी सहा वाजता, ग्रंथालयात, चौथीच्या पोरांच्या उंचीच्या खुर्च्या. विषयपत्रिकेवर आमच्या दोन शिक्षिकांचा प्रस्ताव होता. सहावी, सातवी, आठवी, तिन्ही इयत्तांचा गणिताचा तास एकाच वेळी लावायचा. मुलांना वयाप्रमाणे न बसवता, ज्याला जे येतं त्या गटात बसवायचं, आणि ठरावीक आठवड्यांनी चाचणी घेऊन गट बदलायचे. अपूर्णांकात अडकलेल्या आठवीच्या मुलाला तिथे सावरायचं, सातवीतल्या तयार मुलीला पुढे सोडायचं. त्यासाठी तासांचा आणि वर्गसंख्येचा नियम थोडा वाकवावा लागणार होता. चार्टर नसतं तर असली गोष्ट तोंडातूनही काढता आली नसती. त्या दोघींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून प्रत्येक मुलाचा तक्ता केला होता, रंगीत पेन्सिलींनी.

निवडून दिलेल्या पालक-सदस्यांपैकी एक बाई आल्या. एकांचा निरोप आला, 'मीटिंगमध्ये अडकलोय'. तिसऱ्यांचा तोही नाही. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या. कोरम भरला नाही, मतदान पुढच्या महिन्यावर गेलं. तोवर कार्यालयात पुढच्या वर्षाचं वेळापत्रक पक्कं झालं होतं. प्रस्ताव फायलीत गेला आणि आणलेला पिझ्झा सफाईच्या काकांनी घरी नेला. त्याच रात्री पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर साठ-सत्तर मेसेज: "या शाळेत हुशार मुलांसाठी काही करतच नाहीत." मला दाखवले कोणीतरी. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं?

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. "बाई, आम्हाला वेळ नसतो." गणपतीच्या नाटकाच्या तालमीला दोन महिने रात्री अकरापर्यंत वेळ असतो. मोदकांच्या ऑर्डरींचं एक्सेल बघितलंय मी, काय एकेक सूत्रं घातली होती! महिन्यातून एक संध्याकाळ मागते मी. तीही सगळ्यांकडून नाही.

"बाई, आम्ही अजून सिटिझन नाही." ही तर शुद्ध पळवाट. जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाला मत द्यायला नागरिकत्व लागतं, मान्य. शाळेच्या समितीला तुम्ही त्या शाळेतल्या मुलाचे पालक असणं पुरतं. विचारून पाहिलंत कधी? नाही. विचारायच्या आधीच कानावर हात.

"बाई, तिथे आमचं ऐकतंय कोण?" हा प्रश्न खरा आहे, तो मी झटकत नाही. काही मुख्याध्यापक समितीला चहा-बिस्किटांची समिती समजतात. अंदाजपत्रक आदल्या रात्री हातात ठेवतात, सह्या मागतात आणि आभार मानतात. पण त्यांना तसं वागता येतं, कारण समोर आकडे वाचणारं कोणी बसलेलं नसतं. तुमच्यातले निम्मे लोक कंपनीत तिमाही ताळेबंद चिरफाड करून बघतात. शाळेचं अंदाजपत्रक त्याहून सोपं असतं. शिक्षक किती, मदतनीस किती, सॉफ्टवेअरवर किती उधळलं, एवढं विचारायला काही वेगळी पदवी लागत नाही.

आणि गावाकडच्या गोष्टी सांगून हसता, त्या बंद करा. "आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे ठराव घरोघर सह्या फिरवून होतात", असं मला सांगत होतात ना? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका बसवल्या. मी तिकडे शिकवत होते. शेतमजुरी करून आलेली बाई त्या बैठकीत पदर खोचून विचारायची, "बाई, माझी पोर तिसरीत गेली, अजून वाचत का नाही?" सगळ्या समित्या तशा नव्हत्या, पण तशी एखादी होतीच. इकडे मास्टर्स केलेले तुम्ही, आणि तुमच्या समितीत तो प्रश्न विचारायला कोणी नाही.

आता सूट दिली म्हणजे आपोआप नवं काही घडतं, असा भाबडा समज जिल्हा कार्यालयांचाही आहे, म्हणून त्यांचेही कान धरते. २००३ पासून राज्याने शाळांच्या सूत्रातल्या पैशाला दरवर्षी कात्री लावली, ती २०१८ पर्यंत चालली. मंदीत तर वर्गसंख्येची मर्यादा सगळ्यांनाच सैल करून दिली. त्या काळात सवलतीचा सगळ्यात सोपा वापर कोणता? वर्गात चार मुलं जास्त कोंबायची आणि एका शिक्षकाचा पगार वाचवायचा. कागदावर त्यालाही 'लवचीकता'च म्हणतात. नियम वाकवून शाळेने मुलासाठी काय नवं केलं, हे विचारणारं शाळेत कोणी नसलं, की सूट हिशेबनिसाच्या उपयोगाची होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

निकालाचा आकडा दाखवा आणि बाकी काही करा, एवढ्यावर सोडलं तर काय होतं, तेही याच शहराने बघितलंय. अटलांटात २००९ च्या परीक्षांत शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या. २०११ च्या राज्याच्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ जणांची नावं आली. २०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले. तेव्हा अटलांटा चार्टर नव्हतं, गैरसमज नको. पण शाळेच्या चार भिंतींत काय चाललंय हे फक्त आकड्यांवरून वरच्यांना कळत होतं, आणि आकडे खोटे होते. पुढे मेरिया कार्स्टार्फेन अधीक्षक असताना जिल्ह्याने चार्टर घेतलं, गो टीम नेमल्या, भागाभागातल्या शाळांनी आपापली दिशा निवडली. कोणी आयबी घेतलं, कोणी विज्ञान-तंत्रज्ञानावर भर दिला. डिकेटरने त्याआधीच प्राथमिक शाळांत प्रत्यक्ष शोध घेत शिकण्याची पद्धत आणली होती. असले निर्णय शाळेजवळ होऊ शकतात, ते या करारामुळे.

आणि तुमच्या फुल्टनकडे जरा नकाशावर बघा. जिल्ह्याचे दोन तुकडे आहेत. वर अल्फारेटा, जॉन्स क्रीक, रॉसवेल. खाली युनियन सिटी, फेअरबर्न, कॉलेज पार्क. मध्ये अटलांटा शहर, त्याचा जिल्हाच वेगळा. वरच्या शाळेत सातवीतल्या मुलाला बीजगणित हवंय आणि खालच्या शाळेत तिसरीतल्या मुलाला वाचनासाठी रोज जादा तास हवाय. दोन्ही शाळांना एकच वेळापत्रक लावलं तर ते एकीलाही नीट बसत नाही. म्हणून शाळेला मोकळीक. खालच्या भागातली आई दोन पाळ्या करून बैठकीला येते, हे मी ऐकीव सांगत नाही, पाहिलंय. तुम्ही घरून काम करता आणि लॅपटॉप मिटवत नाही.

वरचं गणित हवंय ना? मागायची जागा माहीत नसताना दारात उभं राहून कुरकुरणं हा तुमचा नेम झालाय. प्रायव्हेट शाळेची फी भरायची तयारी आहे, क्लासला शनिवार-रविवार गाडी पळवता, पण जी शाळा तुमच्या घरपट्टीच्या पैशावर चालते, तिच्या अंदाजपत्रकाचं पहिलं पान उघडलेलं नाही. खापर मात्र मुख्याध्यापकावर फोडून मोकळे.

गृहपाठ देते, लिहून घ्या. आपापल्या जिल्ह्याचा करार संकेतस्थळावर असतो, तो काढा. ग्विनेट, कॉबवाल्यांनी हसू नका, तुमचा करार वेगळा आहे, तोही काढा. करार कोणत्या वर्षी संपतो ते लिहा. जिल्ह्याने कोणते नियम माफ करून घेतलेत आणि त्यातले आपल्या शाळेने प्रत्यक्ष किती वापरलेत, ते लिहा. समितीतल्या पालकांची नावं लिहा. शेवटच्या तीन बैठकांची इतिवृत्तं वाचा आणि कोरम किती वेळा भरला ते बघा. निवडणुकीचे अर्ज कधी निघतात ते शाळेच्या कार्यालयात फोन करून विचारा, मला मेसेज करू नका.

पुढच्या रविवारी तपासणार आहे. आता उठा, खुर्च्या रांगेत लावा. आपल्यामागे तेलुगू शाळेचा वर्ग आहे, त्यांना हॉल हवाय.