समुद्राचा नाकेदार

आटपाट नगर होतं. त्याचं नाव लिस्बन. तिथं मानुएल नावाचा राजा राज्य करत होता. देश एवढासा, माणसं थोडी, पण दर्यावर्दी मोठे जिद्दीचे. १४९८ साली त्याचा वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला. पुढच्या वर्षी तो घरी परतला, तेव्हा राजानं स्वतःला नवा किताब लावून घेतला: इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान इथल्या दिग्विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी. यातली वीतभर जमीन तेव्हा त्याच्या हाती नव्हती.

मात्र जहाजांवर तोफा होत्या. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा घेतला, पुढच्या साली मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. सगळी मोक्याची ठिकाणं. मुलूख जिंकून नांगरत बसायला माणसं होती कुठं? रस्त्याच्या तोंडावर बसलं की येणारा-जाणारा आपोआप हाताशी येतो.

मग निघाला कार्ताझ, म्हणजे समुद्रावर फिरायचा परवाना. जहाज कुणाचं, नाखवा कोण, जायचं कुठं, हत्यारं किती, सगळं त्यात लिहिलेलं. कागदाची किंमत किरकोळ. खरी मेख पुढं होती: पोर्तुगीज बंदरात जहाज लावायचं आणि जकात भरायची. कागद नसेल तर माल जप्त. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर गलबतं हाकणारा एखादा नाखवा विचारत असेल, “समुद्र कुणाचा, साहेब?”

“देवाचा.”

“मग पैसे तुम्ही का घेता?”

“देवानं तोफा ठेवल्या नाहीत म्हणून.”

ही उघड दांडगाई होती. पण दांडगाईलाही एक नियम होता: कागद घे आणि सुखरूप जा. अकबर बादशहाच्या हजच्या जहाजांनीसुद्धा हे परवाने घेतले. लोक चरफडत, पण पैसे मोजत, कारण पैसे मोजलेला माणूस घरी पोचत होता. नाकेदाराचं पोट या भरवशावर चाललं होतं. तोफेनं माणूस एकदा थांबतो. पुन्हा पुन्हा पैसे द्यायला तो येतो, ते शब्द पाळला जाईल या खात्रीनं. हे लिस्बनला कळलं नाही, गोव्यात बसलेल्यांना तर त्याहून नाही.

१६१३ साली सुरतेजवळ पोर्तुगीजांनी ‘रहिमी’ नावाचं मोठं जहाज धरलं. जहाज जहांगीर बादशहाच्या आईचं. हजचे यात्रेकरू नेणारं म्हणून नावाजलेलं. आणि त्याच्याजवळ कार्ताझ होता! मोगलांनी इंग्रजांना थारा दिला, याचा राग त्यांनी त्या जहाजावर काढला. आपल्याच सहीचा कागद आपणच फाडला म्हणायचा. जहांगीरनं आग्र्यातलं त्यांचं चर्च बंद केलं, दमणला फौज धाडली. दोन वर्षांनी तह झाला खरा, पण सुरतेच्या व्यापाऱ्यांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. ‘रहिमी’ धरण्याच्या आदल्याच वर्षी सुरतेजवळ सुवाळीला इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांना मागं रेटलं होतं. दुसरा पर्याय दारात उभा होता.

ही नाकेदारी का बुडाली, याची इतिहासकार आणखी दहा कारणं सांगतील आणि ती खोटी नाहीत. १५८० ते १६४० लिस्बनवर स्पेनच्या राजाची सत्ता होती, त्यामुळे स्पेनचे वैरी डच आयतेच अंगावर आले. होर्मुझ १६२२ मध्ये गेलं, मलाक्का १६४१ मध्ये, कोची १६६३ मध्ये. मुंबई तर राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली. पुढं कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक सुरू केले. कागद विकायची विद्या आता सगळ्यांनाच आली होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली.

उरलं गोवा, दमण, दीव. तिथं मात्र पोर्तुगीज १९६१पर्यंत बसून राहिले. जकातीचे दिवस कधीच सरले होते, पण किताबाची सवय सुटत नव्हती. डिसेंबरात भारतीय सैन्य आत शिरलं, तेव्हा लिस्बनच्या हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जाऊ नका. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी हाताशी असलेली माणसं आणि दारूगोळा पाहिला, १९ डिसेंबरला शरणागतीवर सही केली आणि हजारो जीव वाचवले. लिस्बननं त्यांना सैन्यातून काढून टाकलं. १९७४ मध्ये तिथं क्रांती झाली, तेव्हा कुठं त्यांना पुन्हा सामावून घेतलं.