आधारस्वर आणि श्रेय

आधार देणाऱ्याला स्वतःचे असे काही म्हणणे असते काय? आपल्या संगीतविचारात हा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही; ‘सेवा’ या शब्दाने त्याचे उत्तर आधीच देऊन टाकलेले असते. सातारा जिल्ह्यातील औंध येथे १९४० पासून चालत आलेल्या संगीत महोत्सवात गायकामागे बसून तंबोरा छेडणाऱ्या शिष्याला त्याचे म्हणणे कोण विचारणार? वास्तविक पंचम, जोडीचे षड्‌ज आणि खर्ज एवढ्याच सामग्रीवर तो क्षणोक्षणी ठरवीत असतो की, गायकाचा कोणता स्वर खरा. ही सत्ता आहे. मिरजेचा कारागीर तिचे मर्म जाणतो: घोडीवरील तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवून तो जवारी खुलवतो आणि मैफलीचा सूर उभा राहतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याला नाव मिळाले. छेडणाऱ्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर अजून क्वचितच आढळते.

सत्तेला सेवा म्हणण्यात नम्रता असेल, पण श्रेय न देण्याची सोयही असते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातील कित्येक गाजलेल्या गीतांना जेम्स जेमर्सनच्या बास गिटारचा आधार होता. त्याचे नाव ध्वनिमुद्रिकेवर ठळकपणे आले ते १९७१ मध्ये, मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर.

म्हणूनच बासवादकाने स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढणे ही केवळ हौस ठरत नाही. जॅको पास्टोरियसची १९७६ ची पहिली ध्वनिमुद्रिका त्याचेच नाव धारण करते. आरंभी ‘डॉना ली’ ही जॅझमधील धून तो बासवर वाजवतो. सोबत फक्त डॉन अलियासचे कोंगा. लगेच पुढची रचना फंक, आणि उत्तरार्धात लॅटिन चा-चाचे स्मरण. या मिश्रणाकडे निव्वळ चवीची बाब म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. फंकमध्ये बास पहिल्या मात्रेवर, आपल्या भाषेत समेवर, सारे वजन टाकतो. क्यूबाच्या तुंबाओमध्ये तो नेमकी ती मात्रा मोकळी सोडतो. आधीच्या मात्रेवर येऊन गेलेला स्वर तसाच लांबतो आणि सम नर्तकाच्या पायात पडते. एक आधार स्वतःला जाहीर करतो, दुसरा समोरच्यावर विश्वास टाकतो. एकाच वादकाच्या बोटांत हे दोन्ही आले की आधार देण्याच्या दोन नीती शेजारी येतात.

मात्र ‘डॉना ली’त पेच उरतोच. आधार देणाराच बोलू लागला तर आधार कोणाचा? तेथे स्वरसंगती कोणी वाजवीत नाही. ऐकणाऱ्याला ती मनात धरून ठेवावी लागते. चमत्कृतीच्या हव्यासाने अनेक बासवादक श्रोत्याला ही जागा देत नाहीत, आणि मग उरते ती निव्वळ बोटांची कसरत. मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे यांची २०२३ मधील पहिली ध्वनिमुद्रिकाही त्यांच्याच नावाची आहे. त्यांचा वेग थक्क करणारा आहे, हे सर्वज्ञात आहे. ती ऐकताना मी वेगापेक्षा मोकळ्या सोडलेल्या मात्रा शोधतो.