काही झालं नाही

अनसिंगला स्पोर्ट्‌स कार कुणाकडे नाही. वाशिम-पुसद रस्त्यावरून कधीतरी एखादी बसकी, चकचकीत गाडी सुसाट निघून जाते, पण ती इथं थांबत नाही. त्यामुळे गाडीचं जे काही वेड लागायचं, ते आम्हा पोरांना आरएक्स १०० वर लागलं. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी भारतात बनली, म्हणजे माझ्या जन्माआधीच बंद पडलेली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ घोड्यांची ताकद, वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे ऐकून आज कुणी हसेल. हसणाऱ्याने एकदा दुसऱ्या गिअरमध्ये कान पिळून बघावा.

माझी आरएक्स काकांची. गोठ्यात कुटाराच्या मागे सात वर्षं उभी होती. टाकीला गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार. काका म्हणाले, "ने बा. भंगारवाल्यापेक्षा तू बरा."

स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे मी ती ढकलत नेली. त्यांनी एकच अट घातली: "मी नाही करणार. तू करशील, मी बसून सांगन." पहिले पंधरा दिवस मी फक्त पार्ट धुतले. मग एकदा प्लग बसवताना घाई केली. प्लग तिरपा गेला, मी पान्याने जोर लावला आणि हेडचे आटे गेले. मिस्त्रींनी चहा संपवला आणि म्हणाले, "पहिले दोन-तीन आटे हातानं बसले पाहिजेत. हाताला समजते, पान्याला समजत नाही." हेड वाशिमला लेथवर नेऊन दुरुस्त करून आणलं. खर्च माझा, आणि चूकही माझीच. ही दुसरी गोष्ट नवी होती. तोवर घरातली कुठलीही गाडी बंद पडली की आम्ही मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडायचो. स्वतः पाना हातात घेतला की शिव्या द्यायला माणूसच उरत नाही.

सहा महिन्यांत कार्बोरेटर, क्लच प्लेट, चेन किट एवढं जमायला लागलं. आणि जमायला लागलं की खाज सुटते. मी चेंबर सायलेन्सर लावला. गाडी कंपनीने पाठवली तशी का ठेवायची, असा माझा बाणेदार सवाल होता. गाडी माझी, पैसा माझा. तीन आठवड्यांनी शेजारच्या वहिनींनी आईला विचारलं, बाळ निजलं की नेमकी तेव्हाच गाडी कशी निघते तुमची? सायलेन्सर काढून ठेवला. कायद्याने तर तो लावायलाच नको होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा बदलांना मर्यादा आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ आराखड्याबाहेर गाडी बदलता येणार नाही असं सांगितलं. तेव्हा मला हा मोठा अन्याय वाटायचा. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली, तिचा व्हिडिओ डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर होता. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, ती नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. मी मिस्त्रींना म्हटलं, बघा, माणसाने हाताने बनवलेलं चालत नाही, कारखान्यातलं चालतं. मिस्त्री म्हणाले, "रस्त्यावर तो एकटाच चालते का?" मला ते तेव्हा पटलं नाही.

आता त्या शनिवारचं. मागचे ब्रेक लायनर घासले होते, म्हणून घरच्या अंगणात मी चाक खोलून ते बदलले. रविवारी आईबाबांना पुसदला लग्नाला जायचं होतं. बाबांची गाडी धाकट्याने नेली होती. बाबा म्हणाले, तुझी दे. मी किल्ली दिली. ब्रेक नवे केलेत, असं थोडं छाती काढूनच सांगितलं.

सोमवारी पाने आवरताना डब्याच्या झाकणात स्प्लिट पिन दिसली.

ज्यांनी चाक खोललं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ड्रम ब्रेकमध्ये पाय दाबला की लायनर फिरत्या ड्रमला घासतात, आणि ते ज्या प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेटही चाकाबरोबर फिरू पाहते. तिला धरून ठेवतो तो टॉर्क रॉड. हा रॉड एका नटबोल्टने प्लेटला जोडलेला असतो, आणि हादऱ्यांनी नट सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकात पिन ओवून तिचे पाय फाकवायचे असतात. पिन नसेल तर नट हळूहळू ढिला होतो. रॉड निसटला आणि त्याच क्षणी ब्रेक दाबला, तर प्लेट गरकन फिरते आणि चाक जाम होऊ शकतं. पुसदच्या वाटेवर खंडाळा घाट लागतो. लोणावळ्याचा नव्हे, आमचा. तिथं उतारावर ब्रेक दाबल्याशिवाय चालत नाही.

मी अंगणात जाऊन नटाला हात लावला. तो बोटांनी फिरला.

आईबाबा आदल्या रात्री नीट घरी आले होते. आई तर म्हणाली होती, लग्नात मठ्ठा आंबट होता. मी पिन लावली, पाय फाकवले. झालं. काही झालं नाही.

या तीन शब्दांवर मी गेलं वर्षभर अडकलोय. काही झालं नाही, तर मी काही केलं नाही का? १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी याच गाठीवर लिहिलं, आणि दोघांच्याही लेखात एक ट्रक ड्रायव्हर आहे. नेगलचा ड्रायव्हर ब्रेक तपासून घ्यायचं टाळतो. रस्त्यात मूल आडवं आलं तर तो जन्मभर स्वतःला दोषी मानणार. मूल आलंच नाही तर घरी जाऊन जेवणार. निष्काळजीपणा दोन्हीकडे तेवढाच. फरक त्या मुलाचा, आणि मूल कधी रस्त्यावर यावं हे काही ड्रायव्हरच्या हातात नव्हतं. ते वाचताना मला आंबट मठ्ठा आठवत होता.

आपल्याकडे फळाची आशा सोडून कर्म करावं हे कीर्तनातही ऐकू येतं आणि परीक्षेत नापास झालेल्यालाही सांगतात. बहुतेक वेळा दिलासा म्हणून. पण ते खरंच मानायचं तर दुसरी बाजूही मानावी लागेल. फळ हिशेबातून वगळलं, तर आईबाबांचं सुखरूप परत येणंही वगळावं लागतं. त्याच्या आड मला लपता येत नाही. मग शिल्लक राहतो तो बोटांनी फिरणारा नट.

तरी मन भांडतं. मिस्त्रींकडून गाडी आणली असती तर बाबांनी पिन टाकली का असं विचारलं असतं का? आपण रोज एसटीत बसतो, तिचे नट कुणी आवळले हे कुठे विचारतो? मग घरच्याच माणसाला वेगळा न्याय का? फार विचार करून मला एवढंच सापडलं की मिस्त्रींच्या हाताखालून हजार चाकं गेली आहेत, माझं ते दुसरं होतं. आणि किल्ली देताना हे फक्त मला माहीत होतं. "ब्रेक नवे केलेत" हे खरं होतं. "मी केलेत, बेतानं जा" हे जास्त खरं होतं, पण त्यात छाती काढता येत नव्हती.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा मला वाटलं, झापतील. ते क्लचची केबल ओवत होते. म्हणाले, "माह्याकडूनही राह्यली होती एक डाव." मी पुढचं ऐकायला थांबलो. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा लक्षात आलं की काम सुरू करताना ते जमिनीवर जुना पेपर अंथरतात, निघेल तो नट, वॉशर, पिन निघाल्या क्रमाने त्यावर मांडतात, आणि पेपर पूर्ण रिकामा झाल्याशिवाय किक मारत नाहीत. वर्षभर मी त्या पेपरवर पाय पडू नये म्हणून फक्त बाजूने चालत होतो.

बाबांना सांगायला मला तूर निघेपर्यंत वेळ लागला. ओट्यावर बसलो होतो. सगळं सांगितलं, टॉर्क रॉडसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईला नको सांगू." आणि थोड्या वेळाने, "आता टाकली ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शेतात जायचं होतं आणि त्यांनी माझ्याच गाडीची किल्ली मागितली. मागच्या चाकाजवळ वाकून उभे राहिले. पिन कुठे असते हे त्यांना ठाऊक नाही. चेन हलवून पाहिली, टायर अंगठ्याने दाबला, आणि किक मारली.