ढिगाच्या आतला ओलावा



मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग आपण अनेकदा ऐकला असेल. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी तो कथन केला आहे आणि इमाम मुस्लिम यांनी आपल्या संग्रहात नोंदविला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारले असता त्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना ते दिसले असते, आणि जो फसवितो त्याचा आपल्याशी संबंध राहत नाही, असे बजावले.

व्यापारातील सचोटी या मथळ्याखाली आपण ही हदीस वाचतो आणि पुढे जातो. जरा थांबून त्या विक्रेत्याकडे पाहावे. त्याने धान्यात काहीही मिसळले नव्हते. खडे नाहीत, माती नाही. पाऊस आकाशातून आला, त्यात त्याचा अपराध नव्हता. धान्य का भिजले, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारलेही नाही. जे भिजले ते झाकले का, एवढेच विचारले. शिवाय त्यांनी ढीग केवळ डोळ्यांनी पाहिला नाही, हात आत घातला. कोरडे वर आणि ओले खाली ही युक्ती जितकी जुनी, तितकीच ती ओळखण्याची रीतही जुनी आहे.

त्या ओलाव्यात काय असते, हे माणसाला फार उशिरा कळले. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मरून पडले. शोध घेता घेता संशोधक त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचले. ती ब्राझीलहून आली होती आणि तिला ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी लागलेली होती. ही बुरशी जे विष तयार करते, त्याला तिच्याच नावावरून अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. दमट, उबदार हवेत नीट न वाळविलेला शेंगदाणा, मका, मिरची, सरकी यांवर ती सहज वाढते. आपल्याकडे पावसाळ्यात गोदामाच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या पोत्याला याहून अधिक काही लागत नाही.

हे विष यकृतात पोहोचते तेव्हा काय घडते, ते लक्षपूर्वक वाचावे. यकृत हा देहाचा शुद्धीकार. आलेला परका पदार्थ मोडून बाहेर टाकणे हे त्याचे नेमलेले काम. तो अफ्लाटॉक्सिनलाही मोडू पाहतो. परंतु त्या प्रयत्नात त्याचेच एक विकर या पदार्थाला अधिक घातक रूप देते. ते रूप पेशीतील डीएनएला जाऊन चिकटते आणि तेथे लिहिलेला मजकूर बिघडवते. वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग संभवतो. ज्याला हिपॅटायटिस बी झालेला आहे, त्याला हा धोका कैक पटींनी अधिक. एकदम पुष्कळ गेले तर कावीळ, पोटात पाणी आणि मृत्यू. रोजच्या स्वयंपाकाच्या आचेवर हे विष नष्ट होत नाही. भाजा, उकळा, फोडणीत घाला, ते पूर्णपणे जात नाही.

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पाऊस झाला आणि साठविलेला मका भिजला. तो मका टाकून देण्याची ऐपत नसलेल्या गरीब, बहुतांशी आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांच्या अन्नातले खाणारे कुत्रेही मेले. तेथेही पाऊस आकाशातूनच आला होता.

आता आपल्या परिसराकडे येऊ. पिंपरीच्या नावाशी बुरशीचे नाते अभिमानाचे आहे, हे नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशाला लागणारे पेनिसिलिन येथे तयार होऊ लागले. पेनिसिलिनसुद्धा एका बुरशीचेच देणे. अल्लाहने एका बुरशीत औषध ठेवले, दुसरीत विष. आणि दोन्ही ओळखण्यासाठी माणसाला बुद्धी दिली. त्याच पिंपरी-चिंचवडच्या किराणा दुकानांत आज सुटा शेंगदाणा विकला जातो. आपल्या घरात कूट नसेल असा दिवस क्वचितच. सुरकुतलेला, काळपट, हिरवट दाणा निवडून बाजूला काढला जातो, हे ठीक. प्रश्न त्या निवडलेल्या दाण्याचा आहे. तो जातो कोठे? पुष्कळदा तो स्वस्तात विकला जातो. कोणी त्याचा कूट करतो, कोणी चिक्की, कोणी तेल, आणि उरलेली पेंड गोठ्यात जाते. गाय ती खाते. तिच्या देहात विषाचे रूप थोडे बदलते आणि त्याचा अंश दुधात उतरतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या दूधातील विषाची मर्यादा एका किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी ठरविली आहे. धान्यासाठी ती १५ मायक्रोग्रॅम आहे. दुधाची मर्यादा इतकी कडक का, हे सांगायला नको. ते दूध कोण पितो याचा विचार करावा. त्या गवळ्याने दुधात पाण्याचा थेंबही घातला नसेल. दाणा विकणाऱ्याने मात्र ढिगाचा ओला भाग त्या बाळाच्या पेल्यात ठेवला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या समाजात हलालची चौकशी कसोशीने होते. चाकणच्या कँटीनमध्ये जेवणारा तरुण कामगार मांस कोणाकडून आले हे विचारतो, आणि विचारावेच. परंतु सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत अल्लाहने हलालसोबत तय्यिब हा शब्द ठेवला आहे, म्हणजे जे शुद्ध, निकोप आणि हितकर आहे ते. तो दुसरा शब्द आपल्या चौकशीतून गळून पडला आहे. आणखी असे की ही आयत केवळ श्रद्धावंतांना उद्देशून नाही. तिच्यात अखिल मानवांना हाक आहे. तेव्हा गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे असो, त्याच्या ताटातील तय्यिब आपल्या जबाबदारीत येते.

चिकनच्या दुकानाचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत ती अधिक होती, आणि पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे वळले. या जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू माणसाच्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. देह जिवाणूशी लढण्यासाठी प्रतिपिंडे तयार करतो आणि ती प्रतिपिंडे चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. जुलाब थांबतात, आणि काही दिवसांनी पाय उचलेनासे होतात. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात सहज राहतो. नीट शिजविल्यास मरतो. जिब्ह शरीअतप्रमाणे झाले, तकबीर म्हटली गेली, परंतु लाकडी ठोकळा दिवसभर धुतला नाही, आतडी आणि मांस एकाच पाण्यात बुडविले, तर ते मांस हलाल आहे. ते तय्यिब आहे काय? भांडी झाकून ठेवा, मशकीची तोंडे बांधा, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) रोगजंतूंचे ज्ञान जगाला होण्याच्या बारा शतके आधी दिली. ती आपण सुन्नत म्हणून वाचतो, दुकानात मात्र लागू करीत नाही.

रमजानमधील तळणीच्या गाड्यांबद्दल दोनच वाक्ये. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरू नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. तेल काळे, घट्ट आणि फेसाळ झाले की यंत्र नसलेल्यालाही ते कळते. दिवसभराच्या रोजानंतर रिकाम्या पोटी येणाऱ्या बंधूला ते तेल देणे ही त्याच्या इबादतीची थट्टा आहे.

पाण्याचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण तेथे आपल्यापैकी अनेक जण मालक नसून नोकर आहेत. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू, आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीत तिच्यावर फेसाचे थर तरंगताना आपण पाहिले आहेत. कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेची ती नदी आहे, आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेच्या पाण्यात घाण सोडणे हे दुहेरी पाप. मैलापाणी, साबण आणि कारखान्यांचे सांडपाणी, सारे तिच्यात उतरते. धातूवर मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असू शकते. प्रक्रिया न करता ते सोडले तर विहिरीत आणि भाजीच्या मळ्यात जाते. लोकांच्या पाणवठ्यावर विष्ठा टाकणे शापास कारण होते, असे हदीसमध्ये आले आहे. रसायनाला हा हुकूम लागू नाही, असे कोणता फकीह म्हणेल?

परंतु रात्रपाळीत झडप उघडायला सांगितलेला कंत्राटी कामगार आणि ती उघडायला सांगणारा, या दोघांना मी एका तराजूत घालणार नाही. निर्मात्याची अवज्ञा करून निर्मितीची आज्ञा पाळता येत नाही, हा नियम कायम आहे. तरी वाईट हाताने रोखावे, ते न जमल्यास जिभेने, तेही न जमल्यास मनाने त्याचा तिरस्कार करावा, ही उतरंड दुर्बलांसाठीच आहे. जिभेने बोलायचे तर आज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते. ज्यांची नोकरी पक्की आहे, जे पर्यवेक्षक आहेत, जे त्या कागदावर सही करतात, त्यांना मात्र तिसऱ्या पायरीवर उभे राहण्याची सवलत नाही.

शेवटी एका प्रश्नाचे उत्तर. चाकणकडील एका व्यापारी बंधूने विचारले आहे की, पावसात भिजून बुरशी आलेली शेंगदाण्याची काही पोती आहेत. ती विकायची नाहीत हे मान्य, पण सदका म्हणून मदरशाच्या भटारखान्याला किंवा गोशाळेला देता येतील काय? नाही. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, ते निवडून अल्लाहच्या मार्गात देण्यास सूरह अल-बकराच्या २६७व्या आयतीत मनाई आहे, आणि मदीनेत काही लोक गरिबांसाठी निकृष्ट खजुरांचे घोस आणून टांगत, त्या प्रसंगी ती अवतरली असे भाष्यकार सांगतात. गुरालाही ती पोती देऊ नयेत. कारण वर सांगितलेच आहे. ती नष्ट करावीत. त्यांना बाजारभाव नाही, म्हणून जकातीच्या हिशोबात त्यांचे मूल्य धरू नये. उरलेल्या चांगल्या मालावर जकात द्यावी. भिजलेल्या पोत्यांशेजारची पोती उघडून, हात तळापर्यंत घालून पाहावीत, आणि त्यातला जो माल शंकास्पद वाटेल तो तपासणीस देईपर्यंत दुकानात आणू नये.