उचल

नकला करणारा एक पोरगा प्रत्येक गावात असतोच. जसा वेशीबाहेर म्हसोबा असतो, तसा वेशीच्या आत हा. सरकारदरबारी त्याची नोंद नसते. पण सरपंचाची चाल, तलाठ्याचा खोकला आणि गुरुजींची छडी आपटायची लकब या तिन्ही गोष्टी त्याच्या कब्जात असतात. आमच्या कड्यात हे पद रिकामं राहिलेलं मी तरी पाहिलं नाही. एक नकल्या नोकरीला लागला, किंवा बायकोला भ्यायला लागला, की दुसरा तयार असतो.

कडा हे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं गाव. जिल्हा बीड, पण पाय नगरच्या रस्त्याला. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे, पण यष्टीत बसलं की तोंडून 'एक नगर द्या' असंच निघतं. गावात कांद्याचा बाजार आहे, शाळा आहे, कॉलेज आहे, आणि आता रेल्वेही आहे. 'रेल्वे येणार' हा आमच्या पट्ट्यातला सगळ्यांत जुना विनोद होता. बापानं सांगितला की पोरगा हसायचा, आणि तोच पोरगा पुढे आपल्या पोराला सांगायचा. २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून आष्टीपर्यंतची गाडी खरोखरच सुरू झाली, वाटेत कड्याला थांबायला लागली, आणि गावाचा एक चांगला चालता विनोद कायमचा बंद पडला. विकासाची किंमत मोजावी लागते ती अशी.

पूर्वी या नकल्याची कारकीर्द गॅदरिंगला सुरू व्हायची आणि गॅदरिंगलाच संपायची. फार तर वरातीत घोडा यायला उशीर झाला तर त्याला पुढे करत. २००५ साली हे सगळं बदललं. स्टार वन वाहिनीवर 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज' नावाची हसवण्याची स्पर्धा झाली. माइकसमोर एकट्यानं उभं राहायचं, आणि पाच-दहा मिनिटांत लोकांना लोळवायचं. पहिल्याच वर्षी ती जिंकली सुनील पाल या तरुणानं. हा मुलगा वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. हिंगणघाट म्हणजे कापसाचं गाव. आमच्या पोरांनी लगेच हिशेब मांडला, की कापसाच्या गावचा पोरगा टीव्हीवर जाऊ शकतो तर कांद्याच्या गावचा का नाही? निदान लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढायची कला तरी आमच्याकडे जन्मजात आहे!

त्या एका स्पर्धेतली माणसं पुढे कुठे कुठे गेली ते पाहण्यासारखं आहे. सुनील पालनं पुढे 'भावनाओं को समझो' नावाचा चित्रपट काढला आणि त्यात आपल्यासारखे पन्नासएक विनोदवीर भरले. राजू श्रीवास्तव तिथे जिंकले नाहीत, पण २०२२ साली ते गेले तेव्हा घराघरात लोक हळहळले. आणि त्याच मंडळींतले भगवंत मान त्याच वर्षी पंजाबचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे हसवणाऱ्याला दर पाच वर्षांनी प्रेक्षकांकडून लेखी उत्तर मिळण्याची सोय झाली. हे उत्तर मिळण्याचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि हा सगळा लेख त्यापायीच लिहायला घेतला आहे.

त्याचं असं झालं, की आमच्या आळीतला सध्याचा नकल्या पुण्यात एका हॉलमध्ये कार्यक्रम करून आला. तिकीट लावून. येताना पेढे आणायचे तर तोंड पाडून आला. म्हणाला, "गुरुजी, टाळ्या लई पडल्या. पर चुकीच्या जागी पडल्या."

"टाळीला कसली आली जागा?"

मग त्यानं तो विनोद सांगितला. तो विनोद कळायला आमच्या भागातला एक शब्द माहीत पाहिजे. दसरा-दिवाळी झाली की आष्टी-पाटोद्याकडची माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये भांडी, कोंबड्या आणि पोरं घालून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात एक कोयता. एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. मुकादम आधी रक्कम देतो, तिला म्हणतात उचल. पुढचा सगळा हंगाम ती उचल फेडण्यात जातो. आता पोराचा विनोद ऐका. "आमच्याकडं पोरगी बघाय गेलं की रूप-रंग, शिक्षण काय इचारीत न्हाईत. अर्धा कोयता पोराचा, अर्धा पोरीचा. कोयता पुरा झाला की मुकादमच अक्षता टाकतो!"

हाच विनोद त्यानं कड्याच्या स्टँडवर कैकदा सांगितला होता. तिथे ऊसतोडीला जाणारेच हसत होते, आणि हसताना डोळा मुकादमाकडे होता. पुण्यात शब्द तेच, आवाज तोच, पण हसू फिरलं आणि बरोबर त्या पोरीवर जाऊन बसलं. कार्यक्रम संपल्यावर एक सज्जन गृहस्थ येऊन प्रेमानं म्हणाले, "तुमच्याकडे अजून असंच असतं का हो? कमाल आहे!" आणि यानं मान हलवली.

"गुरुजी," तो म्हणाला, "आपल्याच माणसांवर हसवून पैसं घ्यायचं, हे पाप हाय का?"

असला प्रश्न कुणी विचारला की मास्तर माणूस आधी ग्रंथाकडे पळतो. ग्रीसच्या प्लेटोनं म्हणून ठेवलं आहे, की आदर्श राज्याच्या रक्षकांनी फार हसू नये. आमच्याकडचे फौजदार हे न वाचताच पाळतात. पण हसवणाऱ्यानं कुणावर हसवावं याचं उत्तर मला स्टँडवरच जास्त बरं मिळालं.

स्टँडवरचा नकल्या चहावाल्याची नक्कल करतो ती चहावाल्याच्या टपरीवर उभा राहून, आणि हातातला कप उधारीचा असतो. त्यामुळे नकलेला आपोआप लगाम बसतो. मालक अडखळत बोलतो, ते हा कधी उचलत नाही. मालक चहात पाणी वाढवतो, ते मात्र रोज उचलतो. अडखळण्याला मालकाचा इलाज नाही, पाण्याला आहे. ही बारीक नीती त्याला कुणी शिकवलेली नसते. समोरचा माणूस उद्याही समोरच असणार आहे, एवढीच तिची शिकवणी. शिवाय मालकाला तोंड आहे. तो म्हणतो, "आधी मागची बाकी दे, मंग नकला कर." हसू त्याच्या बाजूला जातं आणि हिशेब बरोबर होतो.

जॉनी लिव्हर यांचं नावच या हिशेबातून आलं आहे. धारावीत वाढलेला हा माणूस हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात कामगार होता. कंपनीच्या कार्यक्रमात त्यानं साहेबांच्या नकला केल्या आणि कामगारांनी त्याचं नाव ठेवलं जॉनी लिव्हर. ज्याच्या हातात आपली नोकरी, त्याचीच नक्कल! अशा विनोदाला छाती लागते. मग दुसऱ्या कशानं तो शोभवावा लागत नाही.

टीव्हीची भानगड अशी, की तिथे समोर कॅमेरा असतो. कॅमेरा उधारी मागत नाही. सुनील पालचा 'रतन नूरा' हा बेवडा देशभर गाजला. मीही हसलो. पण बेवडा प्रत्येक गावात आहे आणि त्याची बायकोही आहे. स्टँडवर बेवड्याची नक्कल चालू असताना ती भाजी घेऊन जाताना दिसली, की आमचा नकल्या गप्प होतो. टीव्हीवाल्याला ती दिसत नाही. त्याला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याच्या आणि तिच्या मध्ये एक काच आहे, एवढंच.

तेव्हा 'आपल्या माणसांवर हसवायचंच नाही' असा सोपा नियम करावा का? अजिबात नाही. आमच्या मराठवाड्याची बोली एके काळी नाटकात असायची ती बहुधा गड्याच्या तोंडी, पाण्याचा तांब्या आणून देण्यापुरती. औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं उभं केलं, पन्नासाहून जास्त माणसं एका अंगात वागवली, आणि हीच बोली थेट लंडनला नेली. बीडच्या मकरंद अनासपुरेंनी तीच बोली चित्रपटाच्या नायकाच्या तोंडी बसवली. लोक हसले, पण हसता हसता त्या बोलीला बसायला खुर्ची दिली. सोनी मराठीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधून पुढे आलेल्या गौरव मोरेनं तर पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव स्वतःच्या नावाला असं जोडलं, की ज्या वस्तीचा पत्ता सांगताना माणूस आवाज खाली घेईल तोच पत्ता टाळीचं वाक्य झाला. ही माणसं गप्प बसली असती तर आमच्यावर हसणं थांबलं नसतं. फक्त ते दुसऱ्यांनी केलं असतं, आणि वाईट केलं असतं.

हा तंटा केवळ आमच्याकडचा नाही. अमेरिकेत फ्रेडी प्रिन्झ नावाचा न्यूयॉर्कचा पोरगा होता. आई पोर्तो रिकोची, आणि स्वतःला तो गमतीनं 'हंगेरिकन' म्हणायचा. माइकसमोर उभं राहून हसवता हसवता तो १९७४ साली, अवघ्या विशीत, 'चिको अँड द मॅन' या टीव्ही मालिकेचा नायक झाला. भूमिका लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वस्तीतल्या पोराची. त्या वस्तीतल्या लोकांनी हरकत घेतली: सोंग आमचं, हसू आमच्यावर, आणि नट दुसरीकडचा? मालिकावाल्यांना ते ऐकावं लागलं आणि चिकोच्या अंगात थोडं पोर्तो रिकन रक्त असल्याचं पुढे सांगून टाकावं लागलं. काचेच्या पलीकडून उत्तर आलं ते असं. तो पोरगा मात्र जानेवारी १९७७ मध्ये, बाविसाव्या वर्षीच, बंदुकीच्या गोळीनं गेला. त्याच्या मनात काय होतं हे कड्यात बसून सांगणं हा उद्धटपणा होईल. पण काच दोन्ही बाजूंनी असते, एवढं त्यावरून मनात येतं. हसवणाऱ्याला समोरची माणसं दिसत नाहीत, तसा समोरच्या कोट्यवधी माणसांनाही तो दिसत नाही. स्टँडवरचा नकल्या एक दिवस उतरलेल्या चेहऱ्यानं आला, तर चहावाला मागची बाकी विसरून म्हणतो, "बस रे. काय झालं?"

तर मी त्या पोराला म्हणालो, "पाप-बिप मला कळत नाही. पण तू उचल घेतलीयस एवढं ध्यानात ठेव. भाषा गावाची, माणसं गावाची, दुःखही गावाचं. हे सगळं तू आगाऊ घेतलंस. हंगाम जोरात चाललाय म्हणून उचल फिटत नसते. ती फेडावी लागते." फेडण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत. अनासपुरे आणि नाना पाटेकर यांनी २०१५ साली 'नाम फाउंडेशन' काढून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मदत पोचवली, ही एक. पण सगळ्यांनाच फाउंडेशन काढता येत नाही. गरीब नकल्यासाठी स्वस्तातली तऱ्हा अशी, की विनोद आधी ज्याच्यावर आहे त्याला ऐकवावा आणि त्याचं उत्तर ऐकून घ्यावं.

पोरगं गुणी. ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईला त्यानं स्टँडवर, माझ्यासमोरच, तो अर्ध्या कोयत्याचा विनोद ऐकवला. ती पदर तोंडाला लावून हसली. मग पदर काढून म्हणाली, "बाईचा अर्धा कोयता कसा रं? दिसभर ऊस तोडायचा, मोळ्या वाहायच्या, वर भाकरी थापायच्या अन् पोरं सांभाळायची. बाईचा दीड कोयता धर. गड्याचा धर अर्धा. बेरीज येती का बघ."

स्टँडवरचे समस्त अर्धे कोयते खाली मान घालून हसले. विनोद पहिल्यापेक्षा दुप्पट चांगला झाला होता, आणि यात गुरुजींचा काडीचाही हात नव्हता. आता तो पुण्यात तिचंच उत्तर शेवटी सांगतो, आणि ते कड्याच्या एका बाईचं आहे हेही सांगतो. टाळी पडते म्हणे, आणि योग्य जागी पडते.

राहिला प्रश्न त्या वाक्याच्या पैशांचा. तिकीट याच्या नावावर, वाक्य तिचं. मी त्याला तसं विचारलं, तर म्हणतो, "गुरुजी, उचल फेडायलाच लागलोय. हळूहळू." हे मात्र त्यानं हुबेहूब एखाद्या कोयत्याच्या आवाजात सांगितलं. मला हसू आलं. पण मुकादमासारखी मी ती बाकी वहीत लिहून ठेवली आहे.