राज्य आणि तक्षिमा

शार्लमेनचे विशाल राज्य त्याच्या नातवांच्या भाऊबंदकीने लयास गेले, हा निवाडा इतिहासाच्या पुस्तकांतून सहज दिला जातो. परंतु ज्या वाटणीला आपण दोष देतो ती फ्रँकांच्या दृष्टीने धर्म्य होती, आणि तिच्याविरुद्ध उभी ठाकलेली अखंडतेची कल्पनाच त्या समाजाला नवी व म्हणून कलहकारक होती, असे मला वाटत आले आहे.

इ. स. ५११ मध्ये फ्रँकांचा राजा क्लोविस निवर्तला, तेव्हा त्याने बाहुबलाने मिळविलेला मुलूख त्याच्या चार पुत्रांनी वाटून घेतला. राज्य ही राजकुळाची मिळकत आणि मिळकतीत प्रत्येक पुत्राची तक्षीम, हा विचार इतका रुजलेला होता, की ५५८ साली एकच भाऊ उरल्याने एकत्र झालेला मुलूख ५६१ मध्ये पुन्हा चौघांत विभागला गेला, तरी त्यात कोणास राज्याचा अंत दिसला नाही. ७५१ साली राजवाड्याच्या कारभारी घराण्यातील पेपिनने, म्हणजे शार्लमेनच्या पित्याने, नामधारी राजास मठात धाडून मुकुट धारण केला; घराणे पालटले, रीत पालटली नाही. खुद्द शार्लमेनने रोममध्ये सम्राटपद स्वीकारल्यानंतर सहा वर्षांनी, ८०६ मध्ये, जे वाटणीपत्र करविले त्यात तिन्ही पुत्रांचे हिस्से आहेत, सम्राटपद पुढे कोणाचे याविषयी मात्र अवाक्षर नाही. दोन पुत्र बापाआधीच वारले, म्हणूनच केवळ सारे राज्य लुईच्या हाती अखंड आले.

या लुईने ८१७ साली आखेन येथे तीन दिवसांच्या उपवास-प्रार्थनेनंतर ज्येष्ठ पुत्र लोथार यास सहसम्राट केले आणि धाकट्यांना त्याच्या अधीन ठेवले. पुत्रप्रेमापोटी साम्राज्य तोडले तर ख्रिस्ताच्या धर्मसंस्थेतच दुही माजेल, अशी त्यामागची श्रद्धा होती. मिळकतीचे येथे ईश्वराने सोपविलेल्या अधिकारात रूपांतर झाले. विचार उदात्त होता, पण तो मांडणारा बाप होता. ८२३ साली दुसऱ्या पत्नीपासून चार्ल्स जन्मला, आणि त्याला तक्षीम द्यावी म्हणून लुईने आपलीच व्यवस्था मोडली. पुत्रांची बंडे, ८३३ मधील बापाची पदच्युती व पुढे पुनःस्थापना, त्याच्या मृत्यूनंतर ८४१ ची फोंतनॉयची रणधुमाळी, हे सारे त्यातूनच ओघाने आले.

त्यानंतरचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. वाटणी ठरविण्यास एकशेवीस पंच नेमले गेले, आणि शार्लमेनचा दौहित्र निटहार्ड लिहितो त्याप्रमाणे, साऱ्या राज्याची पुरती माहिती असलेला त्यांत एकही निघाला नाही. ज्याच्या अखंडतेसाठी एवढे रक्त सांडले, त्या राज्याची संपूर्ण फेरिस्त कोणापाशीच नव्हती! म्हणून मुदत घेतली गेली, आणि ८४३ मध्ये व्हर्दून येथे तह झाला तेव्हा राजाच्या खासगी शेतवाड्या, मठ आणि उत्पन्न यांची समता पाहिली गेली. भाषेच्या किंवा राष्ट्राच्या सीमा तेथे शोधणे म्हणजे मागाहून आलेले विचार त्या पंचांच्या माथी मारणे होय. मद्याच्या विपुलतेसाठी ऱ्हाइनच्या पलीकडची काही नगरे पूर्वेकडचा हिस्सा घेणाऱ्या भावास मिळाली, असे पुढे रेगिनो या मठाधिपतीने नोंदविले आहे.

लोथारला सम्राटपद, आखेन, इटली आणि उत्तर समुद्रापर्यंतचा लांबट मधला पट्टा मिळाला. ८५५ साली, मृत्यू जवळ आला असे जाणून, त्याने प्र्यूमच्या मठात प्रवेश केला. आणि ८१७ च्या अखंडतेसाठी आयुष्यभर झगडलेल्या या पुरुषाने, संन्यस्त होण्यापूर्वी, आपला हिस्सा आपल्या तिन्ही पुत्रांत वाटून दिला.