एकदाचे पैसे

"मामा, यंत्राला बोली शिकवायला चार वाक्यं मोबाइलवर वाचली, त्याचे पैसे मिळाले, विषय संपला. वर आणखी हिस्सा कसला?" सॉफ्टवेअरमधल्या भाच्यानं पंगतीत टाकलेला हा सवाल डोक्यातून जात नाही. त्याच्या पगारात कंपनीचे शेअरही असतात. तिथं हा प्रश्न त्याला पडत नाही.

यंत्र माणसांच्या मजकुरावर आणि आवाजावर शिकतं, हे नव्यानं सांगायला नको. मला छळतो तो मजुरी आणि वाटा यांतला फरक. मजुरी कष्टाची, काम संपलं की संपते. वाटा कमाईतला, कमाई चालू तोवर चालू. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ३६ जणांनी १०९ तासांचं मराठी ध्वनिमुद्रण केलं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांबरोबर त्यात खेड्यातले नि शहरातले गरीब लोकही होते, आणि त्यांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. मग त्यांना मजुरी हवी की वाटा?

वाद जुनाच आहे. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. कायद्यानं गायकाला रॉयल्टी दिली ती २०१२ मध्ये.

मी अर्थातच लताबाईंच्या बाजूचा. पण हिशेब मांडायला बसलो आणि अडलो. लताबाईंचा आवाज कुठंही ओळखू येतो. खेड्यातल्या बाईचा आवाज यंत्रात असा मिसळतो की त्यात तिचं किती, हे बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय रोजच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्या बाईनं अर्धं शतक थांबायचं कसं? तिच्यापुरतं रफीसाहेबांचंच खरं मानावं लागतं: पैसे आधी, रोख, आणि घसघशीत.

वाटा सोडायचा असं नाही. यंत्राच्या पोटातलं मोजता येत नसलं, तरी ध्वनिमुद्रणांचा संच कुणाला, कितीला विकला हे मोजता येतं. बंगळुरूची 'कार्या' ही संस्था संच पुन्हा विकला गेला की बोलणाऱ्यांना रॉयल्टी देण्याचं तत्त्व मानते. म्हणजे वाटा मागायचा तो विक्रीच्या पावतीवर आणि सगळ्यांनी मिळून. एकेकट्यानं मागितला तर भाच्यासारखे लोक हसण्यावारी नेतील.